बिरादार सरांच्या क्लासचा मेल

"रशीदभाई, मेल बंद हाय."

इतकी वर्षं माझा फोन वाजला की पहिलं वाक्य हेच. सलाम नाही, नमस्कार नाही, जेवलास का नाही. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. आता दुकान पुतण्याच्या हवाली करून घरी बसलोय, तर असं म्हणायला कुणी फोन करत नाही आणि मलाच करमत नाही. परवा तर मीच एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावून विचारलं, मेल नीट चालू हाय ना. तो म्हणाला, हाव, का हो, काही होणार हाय का?

माझा धंदा म्हणजे लातूर-नांदेडच्या छोट्या छोट्या ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि त्यांचा मेल सर्व्हर सांभाळायचा. माझ्या सोयरिकीच्या वेळी अम्मीची फार पंचाईत झाली होती. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ती खुशाल सांगायची, "टपालात आहे." मी चिडायचो, पण आता वाटतं, तिचं काही फार चुकलं नव्हतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑफिसच्या नावावर येणारा सगळा मेल आधी पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या कंपनीच्या मशीनमध्ये जमा होतो. त्याला आपण डबा म्हणू. ऑफिसातलं आपलं मशीन दर थोड्या वेळानं तारेवरून तिकडं जातं, डब्यातलं सगळं उपसून आणतं आणि ज्याचं त्याच्या खणात टाकतं. या आपल्या मशीनला म्हणायचं मेल सर्व्हर. ते रुसलं की ऑफिसातला प्रत्येकजण समजतो की फक्त आपलाच मेल अडलाय आणि तो शेजारच्यानं मुद्दाम अडवलाय. अर्धं काम मशीनचं आणि अर्धं माणसांच्या समजुतीचं. मला दुसरं जास्त जड गेलं.

हे सगळं मी शिकलो ते किल्लारीच्या भूकंपामुळं. असं म्हणताना जीभ अडखळते. पण झालं ते तसंच. लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथंच डोळ्याला भिंग लावून बसायचो. भूकंप झाला आणि लातूर बाहेरगावच्या माणसांनी भरून गेलं. मदतीला आलेल्या संस्था, इंजिनिअर, जीपगाड्या, आणि त्यांच्याबरोबर आले कॉम्प्युटर. केरळकडचे एक इंजिनिअर घड्याळ टाकायला दुकानात आले, माझे हात बघत उभे राहिले आणि अब्बांना म्हणाले, हा मुलगा मला द्या. अब्बांनी दिला. त्या भल्या माणसाला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, आमचं सगळं मोडक्या हिंदीत चालायचं. तेवढ्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरचं जाळं बांधायला शिकवलं. आज माझ्या घरात जे काही आहे त्याच्या मुळाशी ते गृहस्थ आहेत. कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. नमाजात त्यांच्यासाठी दुआ मात्र सुटलेली नाही.

मग शहरात क्लासचं पेव फुटलं. किल्लारी, निलंगा, उदगीर, पार परभणी-हिंगोलीकडची पोरं बारावीसाठी लातुरात येऊ लागली. ज्याच्याकडं दोन खोल्या जास्तीच्या त्यानं हॉस्टेल काढलं, जिच्या हाताला चव तिनं मेस काढली, आणि ज्याला शिकवता येत होतं त्यानं क्लास. प्रत्येक क्लासला कॉम्प्युटर पाहिजे आणि प्रत्येक कॉम्प्युटरला मी. मोटारसायकलवरून माझं कंबरडं मोडलं ते याच दिवसांत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. मुदखेडला ट्रान्सपोर्टवाले एक शेठ होते. ते मेल पाठवायचे आणि लगेच फोन लावून तोच मेल समोरच्याला वाचून दाखवायचे. मी म्हटलं, शेठ, मग मेल कशाला पाठवता? तर म्हणाले, "रशीदभाई, सांगितलेलं माणूस विसरतं, म्हणून मेल. अन् मेल वाचायचं विसरतं, म्हणून फोन." नांदेडला कापसाच्या एका व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नपत्रिकेचे रंगीत फोटो काढून सगळ्या गावाला एकाच वेळी मेलनं धाडले. एवढं वजनदार बाड बाहेर निघता निघेना आणि त्याच्यामागं धंद्याचे सगळे मेल खोळंबले. मी जाऊन पत्रिका रांगेतून काढली, तर त्यांची बायको माझ्यावर रुसली. शेवटी त्या लग्नाला मलाच दोन दिवस आधी बोलावलं, आहेर करून पाठवलं. अशी माणसं मिळाली म्हणून मी टिकलो.

पण एक संध्याकाळ या सगळ्यांच्या वर आहे. ती बिरादार सरांच्या क्लासमधली.

बिरादार सर फिजिक्स शिकवायचे. उंच, सावळे, आवाज खणखणीत. गाव किल्लारीच्या शेजारचं. क्लास मोठा नव्हता, पण खेड्यातली पोरं त्यांच्याकडं जास्त, कारण सर त्यांच्याशी गावाकडच्या बोलीत बोलायचे. या पोरांच्या घरात कुणाचा मेल असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून सरांनी प्रत्येकाला क्लासच्या नावाचा एकेक मेल काढून दिला होता. पोरं प्रवेशाच्या, परीक्षेच्या सगळ्या फॉर्मवर तोच पत्ता द्यायची. लातुरात तेव्हा सगळीकडं हेच चालायचं. म्हणजे एवढ्या घरांचं नशीब सरांच्या ऑफिसातल्या माझ्या एका मशीनमधून येणार-जाणार.

आणि त्या मशीनचा एक मोठा शत्रू होता, खुद्द सर. रोज दिवेलागणीला, शेवटची बॅच सुटली की सर स्वतः जिन्याखालच्या बोर्डाजवळ जायचे आणि मेन स्विच खाली पाडायचे. पंखे, दिवे, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, माझा सर्व्हर, सगळं मेलं. मी किती वेळा सांगितलं, "सर, सर्व्हर रात्रभर चालू ठेवायचा असतो." ते म्हणायचे, "सकाळी लावतोच की. मेल काय पळून जातोय?" तसा पळून जात नव्हता, डब्यात पडून राहायचा. म्हणून मीही नाद सोडला. क्लासमधली माणसं म्हणायची, सर चिकट आहेत, बिलाला भितात.

त्या वर्षी मेडिकलच्या प्रवेशाचे दिवस होते आणि एका दुपारी सरांचा फोन आला. "रशीद, मेल येईना झालाय. दोन-चार दिवसांपासून कुणालाच काही नाही. अन् एक पोरगी रडून राहिली इथं. तू आत्ता ये."

मी गेलो. ऑफिसच्या बाकावर वैशाली बसली होती, रेणापूरच्या पलीकडच्या एका गावची. तिच्याजवळ तिचे वडील, टोपी गुडघ्यावर ठेवून. पोरीचं नाव दुसऱ्या यादीत लागलं होतं. पण तिच्या कागदांत काहीतरी उणं होतं. ते काय, आणि मूळ कागद घेऊन कुठल्या गावी हजर व्हायचं, हे मेलनं कळवलंय असं तिला लातुरातल्या चौकशीच्या खिडकीवर सांगितलं होतं. मुदत उद्या दुपारपर्यंत. नाही गेली तर जागा पुढच्या नंबरला.

"फोन लावून बघितला का?" मी विचारलं.

"लावला की," तिचे वडील म्हणाले. "उचलत न्हाईत. उचलला तर म्हनत्यात, मेल बघा. औरंगाबादला जायचं का नांदेडला का सोलापूरला, आमाला कायबी ठाव न्हाई. निघावं तर कुनीकडं निघावं?"

त्यात लाईट नव्हती. लोडशेडिंग. इन्व्हर्टरवर दोन दिवे चालायचे, मशीन नाही. आम्ही सगळे लाईटची वाट बघत बसलो. वैशाली एका शब्दानं बोलत नव्हती. तिच्या आईनं फडक्यात दिलेली भाकरी तशीच बांधलेली होती. सरांनी स्वतः चहा आणून तिच्या हातात दिला, तर तोही तिनं धरून ठेवला.

संध्याकाळी लाईट आली तसा मी मशीनला भिडलो. तारा बघितल्या, इंटरनेट बघितलं, सगळं ठणठणीत. मशीन डब्यापर्यंत जात होतं आणि दारातूनच परत फिरत होतं. कंपनीच्या वेबसाईटवरून डबा उघडावा, तर त्याचा पासवर्ड क्लासमध्ये कुणाकडंच नव्हता. ज्यानं तो टाकला तो कंपनीचा पुण्याचा माणूस नोकरी सोडून गेलेला, आणि एवढ्या उशिरा कंपनीत फोन उचलायला कुणी नाही. मशीनमध्ये पासवर्ड होता, पण नुसत्या ठिपक्यांचा. आणि मला एका गोष्टीची धास्ती होती, ती मी कुणाला बोललो नाही. डब्याला मर्यादा असते. तो भरला की नंतर आलेला मेल पाठवणाऱ्याकडं परत जातो. पोरीचा मेल डबा भरायच्या आधी आला की नंतर, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथली तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची होती. मी कपाळाला हात लावला. घड्याळजीच्या पोराला सगळं दिसलं, फक्त घड्याळ दिसलं नाही.

झालं होतं असं. कॉम्प्युटरच्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढी एक बॅटरी असते. मशीन बंद असताना तारीख-वेळ ती सांभाळते. बाकी ऑफिसांत सर्व्हर कधी बंदच होत नाही, त्यामुळं ही बॅटरी मेली तरी वर्षानुवर्षं कळत नाही. इथं मेन रोज पडायचा, बॅटरी रोज झिजायची, आणि आता ती संपली होती. सकाळी मशीन उठायचं ते जुन्या जमान्यात. त्यातच कंपनीनं तेव्हा दाराला नवं कुलूप बसवलं होतं. आपलं मशीन आलं की तिकडचं मशीन आधी आपलं ओळखपत्र दाखवतं. त्यावर तारीख असते. आपल्या मशीनला वाटायचं, हे ओळखपत्र तर अजून तयारच व्हायचंय, म्हणजे हा कुणी भामटा. की फिरलं माघारी.

मी तारीख बरोबर केली. एक क्षण काही नाही, आणि मग मेल सुरू झाले. वैशालीचे वडील उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले.

पण मेल येतात ते जुने आधी. तुंबलेला सगळा ढीग, त्यात पोरांचे फोटो, सह्या, सर्टिफिकेटं जोडलेली, आणि तेव्हाचं आमचं इंटरनेट गोगलगाय. मधलाच एखादा ओढून काढता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मी त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात शेवटची बॅच सुटली, पोरांचे पाय जिन्यावर वाजले, आणि सर खाली बोर्डाकडं निघाले.

मी पळत गेलो. "सर, आज मेन पाडू नका."

सर थांबले. हात खटक्यावर. "अंधार पडला, रशीद."

"पडू द्या की. पोरीचा मेल येऊन राहिलाय. आता बंद केलं तर सगळं पाण्यात."

"सकाळी पुन्हा लाव."

"सकाळी इथं कळणार, मग गावाकडून कागद आणणार, मग त्या गावी पोचणार. दुपारच्या आत? न्हाई जमायचं, सर."

ते खटका सोडेनात. मला राग आला, आणि मी जरा जोरातच म्हणालो, "एका रात्रीच्या बिलानं काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हणाले, "बिलाचं न्हाई रे." आणि तिथंच जिन्याखाली, खटक्यावरचा हात न काढता, त्यांनी मला ते सांगितलं. भूकंपात त्यांचं घर बसलं, पण त्यांचा मोठा भाऊ मातीतून धडधाकट बाहेर आला होता. आधी त्यानं सरांना ओढून काढलं. मग आईचा आवाज आला म्हणून तो पत्रा उचलायला गेला. पाऊस चालू होता. पत्र्यावर तार तुटून पडली होती आणि तारेत लाईट होती.

"आई वाचली," सर म्हणाले. "दादाला भूकंपानं न्हाई नेलं. करंटनं नेलं. गावची लाईट बंद करायची पेटी कुठं हाय ते मला ठाव होतं. मी तिकडं पळालोबी. पोचेपर्यंत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तव्हापासून अंधार पडला अन् लाईट चालू राहिली की माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई."

इतकी वर्षं मी त्या क्लासमध्ये जात होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "सर, मग मी थांबतो इथं बोर्डापाशी. जरा काही झालं तर पहिलं मेन पाडीन. जबान देतो."

सरांनी नको म्हणून मान हलवली. "तू मशीनपाशी जा. तुझं काम तिकडं हाय. मी थांबतो."

आणि ते थांबले. हात खटक्यावर ठेवून, उभे. मी वर जाऊन बसलो. दाराच्या फटीतून जिन्याखालचा त्यांचा खांदा तेवढा दिसत होता. मेल येत होते, एक, मग थोडं थांबून आणखी एक. कुणा सचिनचं हॉल तिकीट, कुणा आयेशाची फीची पावती. वैशाली आता माझ्या खुर्चीमागं उभी होती, आणि प्रत्येक नाव ती ओठातल्या ओठात वाचत होती.

मध्येच बाहेरच्या रस्त्यावरून उसानं भरलेला ट्रक गेला. आमचा तो रस्ता अरुंद आणि इमारती जुन्या. खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलावरचा कप बशीत वाजला. लातूरच्या माणसाला काचा वाजल्या की काय होतं ते लातूरच्याच माणसाला कळेल. वैशालीच्या वडलांनी पोरीचं मनगट धरलं. मी खालती बघितलं. सरांचा खांदा ताठ झाला होता. आता मेन पडणार, मी मनात म्हटलं. दिवे जाणार, सगळं पहिल्यापासून.

ट्रक पुढं गेला. काचा थांबल्या. लाईट चालूच होती.

त्यानंतर थोड्याच वेळात तिचं नाव आलं. मी ते बघायच्या आत तीच म्हणाली, "माझा हाय." दिवसभरातला तिचा पहिला शब्द. मी उघडून मोठ्यानं वाचला. नांदेड. रहिवासी दाखल्याची मूळ प्रत, आणि सोबत आणखी एक कागद. दोन्ही गावाकडं घरात पेटीत होते.

तिचे वडील टोपी घालून उभेच राहिले. शेवटची जीप मिळाली तर रात्रीतून गाव, आणि पहाटेच्या गाडीनं नांदेड. मी माझ्या बहिणीचा देगलूर नाक्याचा पत्ता त्यांना दिला, म्हटलं, काही अडलं तर सरळ तिच्या घरी जा, माझं नाव सांगा. जाताना वैशाली जिन्याखाली सरांच्या पाया पडली. सरांनी एका हातानंच तिच्या डोक्याला स्पर्श केला, कारण दुसरा हात मोकळा नव्हता.

काम झालं हे इथंच सांगून टाकतो, उगीच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडहून फोन आला. ती आज डॉक्टर आहे, आणि माझ्या अम्मीच्या शेवटच्या आजारपणात तिनं जे केलं ते मी मेलो तरी विसरणार नाही. मशीनला नवी गुंडी बसली. आणि पुढच्या आठवड्यात मी सरांच्या बोर्डात एक यंत्र लावून दिलं, माणसाला करंट लागतोय म्हटलं की ते आपल्या आपण लाईट तोडतं. सर त्याच्यासमोर किती तरी वेळ उभे होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. वैशाली आणि तिचे वडील रिक्षात बसून गेले. मी खाली आलो आणि सरांना म्हणालो, "झालं, सर. लई उपकार झाले. पाडा आता मेन."

सरांचा हात तसाच होता. बोटं पांढरी पडली होती. ते म्हणाले, "सगळे आले का?"

"न्हाई. अर्धेबी न्हाई. ढीग हाय अजून."

"कुणाचे हायत?"

"पोरांचेच सगळे. दुसऱ्या कुणाचे असणार?"

सर वर जिन्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खटक्यावरचा हात काढला, पँटला पुसला आणि म्हणाले, "मग राहू दे चालू. त्यातबी कुणाचं उद्याचं असंल."

त्यांनी वर्गातून एक खुर्ची आणली, बोर्डाच्या खाली टाकली आणि बसले. मला म्हणाले, "तू जा घरी. लेकरं वाट बघत असतील. मी हाय."

मी काही गेलो नाही. घरी फोन करून जेवून घ्या म्हणून सांगितलं, आणखी एक खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी बसलो. मी मध्ये एकदा वर जाऊन मेल किती आले ते बघून आलो. खाली येऊन सरांना आकडा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांची मान खांद्यावर कललेली. ट्यूबलाईट त्यांच्या अगदी तोंडावर होती, पण मी ती बंद केली नाही. झोपू दिलं.